रेसिंग सूट, उणे दहा अंश आणि चार मिनिटं

अल्पाइन स्कीईंग म्हणजे बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली येण्याची शर्यत. तिचा रेसिंग सूट ऊब देण्यासाठी शिवलेलाच नसतो. वारा कापला जावा म्हणून तो अंगाला घट्ट चिकटलेला, आणि त्याच्या आत एखादा पातळ थर्मल कसाबसा मावतो. जानेवारीत गुलमर्ग गावाच्या वर, कोंगडोरीच्या टप्प्यावर, सकाळी पारा उणे दहापर्यंत उतरलेला असू शकतो. त्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. फोटोग्राफर पिसांच्या जाड जॅकेटमध्ये गुरफटून कॅमेऱ्याचा मेनू चाळत बसला, तर गारठतो समोरचा खेळाडू. त्यामुळे कॅमेरा कुठला, लेन्स कुठली यापेक्षा आधी एक हिशेब करायचा: खेळाडू कॅमेऱ्यासमोर थांबल्यापासून जॅकेट नीट घालून मोकळा होईपर्यंत किती वेळ जाणार? चार मिनिटं ही आम्ही मानलेली मर्यादा. वारा असेल तर दोनच. पुढचं सगळं या हिशेबात बसवायचं.

भारतात या खेळाचे फोटो काढायचे तर गुलमर्ग हे सर्वात सोयीचं ठिकाण. गाव साधारण २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३९५० मीटरवर नेऊन सोडतो. २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा इथे होतात. तंगमर्गचा आरिफ खान याच उतारांवर घडला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लालममध्ये (स्लालमपेक्षा लांब लांब वळणांची शर्यत) ४५वा आला. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा या खेळाकडे आपल्या वर्तमानपत्रांचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. या दर्जाच्या खेळाडूसाठी बर्फ चांगला असलेला प्रत्येक दिवस मोलाचा असतो. फोटोसाठी तो अख्खी सकाळ देईल अशी अपेक्षा धरू नका. सरावातून जे मिळेल तेवढंच आपलं.

म्हणून आधी प्रशिक्षकांशी बोलून घ्या. आज किती रन (वरून खालपर्यंतच्या फेऱ्या) आहेत, त्यातले पूर्ण वेगाचे किती, गेट (ज्यांना वळसा घालत खाली यायचं त्या काठ्या; जायंट स्लालममध्ये त्यांना कापडी पट्टी असते) कुठे लावणार, हे त्यांनाच माहीत असतं. सुरुवातीचे एक-दोन रन अंग मोकळं करायचे असतात. ते आपल्या सेटिंगसाठी वापरायचे. प्रत्येक रनबरोबर गेटच्या भोवती चर पडत जातात आणि खेळाडूची रेषा खालावते, त्यामुळे चांगली ॲक्शन मधल्या रनमध्ये मिळते. पोर्ट्रेट घ्यायचं ते शेवटच्या रननंतर लगेच, अंग तापलेलं असताना. सरावाआधी कधीच नाही. गार झालेले स्नायू घेऊन खेळाडूला स्टार्टला पाठवणं म्हणजे त्याच्या गुडघ्यांशी खेळ. पण शेवटच्या रननंतर घाम असतो आणि थांबल्याबरोबर तोच घाम थंडी वाढवतो. खेळाडू खाली पोचेल तेव्हा जागा, उजेड, एक्स्पोजर सगळं ठरलेलं हवं. त्याच्या उंचीच्या सहकाऱ्याला आधीच त्या जागी उभं करून पाहा. दुसऱ्या एका माणसाने फक्त खेळाडूचं जॅकेट हातात धरून उभं राहायचं. हे काम किरकोळ वाटतं, पण जॅकेट बर्फावर पडलं तर ते ओलं होऊनच परत अंगावर जातं.

आता उभं कुठे राहायचं ते. इथे चूक झाली तर फोटो बिघडण्यावर भागत नाही. वळणावर तोल गेलेला खेळाडू वळणाच्या बाहेरच्या बाजूला, खाली घसरत जातो. म्हणून नवखे गेटच्या आतल्या बाजूला उभे राहतात आणि स्वतःला सुरक्षित समजतात. पण वळणं आलटून पालटून येतात. या गेटची आतली बाजू म्हणजे वरच्या गेटची बाहेरची बाजू, आणि तिथे पडलेला माणूस नेमका तुमच्यावर येणार. वरची दोन गेट आणि आपली जागा यांच्यामधून मनातल्या मनात घसरण्याच्या रेषा ओढून पाहा. मग प्रशिक्षक सांगतील तिथे, बाजूला, जाळी असेल तर जाळीच्या मागे. खेळाडू निघाला की जागा बदलायची नाही. कडेला काही हललं तर त्याची नजर ढळते. बॅग, मोनोपॉड, झाकणं, सगळं उताराच्या वरच्या बाजूला बर्फात रुतवून ठेवा. घट्ट बर्फावरून निसटलेली बॅग थेट ट्रॅकमध्ये जाते.

आखलेल्या उताराच्या दोरीपलीकडचा भुसभुशीत बर्फ फोटोसाठी मोह घालतो. अफरवटच्या बाजूला हिमस्खलनाचा धोका खरा आहे. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते आणि गुलमर्गमध्ये स्की पट्रोल उतार उघडायचे की बंद ठेवायचे ते ठरवतं. त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला.

वेगाचं गणित सोपं आहे. जायंट स्लालममध्ये ताशी ७० किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं तर तेवढ्यात खेळाडू जवळजवळ दोन सेंटिमीटर सरकतो, १/२००० ला एक. समोरून येत असेल तर १/१००० चालून जातं, आडवा जात असेल तर १/२००० च्या खाली येऊ नका. उडणाऱ्या बर्फाचा कण न् कण हवा असेल तर त्याहून जलद. सेकंदाला २० फ्रेम काढणारा कॅमेरासुद्धा दोन फ्रेममध्ये खेळाडूला एक मीटर पुढे गेलेला पाहतो. हात गेटच्या पट्टीला भिडतो तो क्षण त्या मीटरमध्ये हरवू शकतो. म्हणून नुसतं बटण दाबून धरण्याच्या भरवशावर राहू नका. दोन-तीन रन पाहून त्याची लय डोक्यात बसवा आणि गेटच्या जरा आधी बर्स्ट, म्हणजे सलग फ्रेमची मालिका, सुरू करा.

फोकसचं असं. २०० मिमी लेन्स, २० मीटर अंतर, ॲपर्चर एफ २.८ असेल तर फुलफ्रेम कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारी खोली अवघी पावणेदोन मीटर. एफ ५.६ ला ती साडेतीन मीटर होते. उजेड भरपूर असताना एफ २.८ चा हट्ट कशाला? कॅमेऱ्याचा ट्रॅकिंग फोकस चांगला असेल तर तो वापरा, पण त्याची संवेदनशीलता कमी करून. नाहीतर मध्येच येणाऱ्या गेटच्या काठीवर किंवा पडत्या बर्फाच्या पाकळीवर तो उडी मारतो. जोराचा बर्फ पडत असेल तर जुनी रीत बरी: गेटच्या काठीवर फोकस करून मॅन्युअलला कुलूप लावायचं आणि खेळाडू तिथे येताना बर्स्ट. तीन फ्रेम तरी धारदार मिळतात.

स्लालममध्ये खेळाडू काठी हाताने, नडगीने आडवी पाडत जातो. तो क्षण गाजलेला असला तरी बहुतेक वेळा त्यात हात आणि काठी मिळून चेहरा झाकून टाकतात. त्याच्या आधीची फ्रेम निवडा. जायंट स्लालममध्ये वळणाच्या पोटात, पट्टी खांद्याला घासते तिथे, शरीर सर्वात जास्त कललेलं असतं आणि स्कीच्या कडेखालून बर्फाचा फवारा निघतो. हाच फोटो मासिकं छापतात. फवारा चमकायला सूर्य खेळाडूच्या मागून किंवा बाजूने यायला हवा. गुलमर्गचे हे उतार बहुतांश पूर्वेकडे तोंड करून आहेत आणि दुपारनंतर सूर्य अफरवटच्या मागे लवकर जातो. काम सकाळचंच. एक दिलासा आहे: जानेवारीच्या मध्यावर भरदुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम ३५ अंशांवर असतो. पुण्यात त्याच वेळी तो ५० च्या आसपास असतो. त्यामुळे गुलमर्गची दुपार आपल्याकडच्या दुपारइतकी डोक्यावरून येत नाही.

एक्स्पोजरबद्दल बहुतेकांना एवढं माहीत असतं की बर्फात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं समजतो, म्हणून पांढरा बर्फ राखाडी निघतो आणि चेहरा काळवंडतो. ऑटोमध्ये असाल तर अधिक १ ते अधिक २ स्टॉप द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण स्कीईंगसाठी ऑटो नकोच. खेळाडू लांब असताना चौकटीत नुसता बर्फ, जवळ आल्यावर गडद सूट, मागे कधी झाडं. प्रत्येक फ्रेमला आकडा बदलत राहतो. मॅन्युअल ठेवा. स्वच्छ उन्हात ताज्या बर्फावर आयएसओ १००, एफ ५.६, १/१६०० इथून सुरुवात करा. म्हणजेच आयएसओ २०० ला १/३२००. ढगाळलं तर दोन ते तीन स्टॉप वाढवावे लागतात. स्क्रीनवरच्या फोटोकडे पाहून ठरवू नका, बर्फाच्या झगमगाटात स्क्रीन नेहमीच काळी वाटते. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहा, तिन्ही रंगांचा वेगळा. बर्फाचा डोंगर उजव्या भिंतीच्या जवळ हवा, भिंतीला टेकलेला नको. पोलरॉइड चष्मा घातला असेल तर कॅमेरा उभा धरल्यावर स्क्रीन अंधारी पडू शकते. ती बिघडलेली नसते.

सावलीतला बर्फ निळा पडतो, कारण तिथे उजेड फक्त आकाशाचा असतो. खेळाडू सावलीत असेल तर व्हाइट बॅलन्स ७००० ते ८००० केल्व्हिन, उन्हात साधारण ५५००. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर हे नंतरही होतं. मात्र निळेपणा पूर्ण पुसू नका. थोडा राहिला तरच थंडी दिसते. ढगाळ दिवशी सावल्याच नसतात आणि उतार कागदासारखा सपाट दिसतो. खेळाडूलाही तेव्हा खळगे दिसत नाहीत. अशा दिवशी सूचिपर्णी झाडांच्या रांगेजवळची गेट निवडा. मागे काहीतरी गडद असलं की पडता बर्फही दिसतो आणि उताराचा कोनही कळतो. पडत्या बर्फाच्या रेघा हव्या असतील तर १/६० ते १/१२५, ठिपके हवे असतील तर १/५०० च्या वर. पहिला वेग पोर्ट्रेटसाठी, ॲक्शनसाठी अर्थातच नाही.

पोर्ट्रेटला रिफ्लेक्टर घेऊन जाऊ नका. पायाखाली एवढा मोठा पांढरा रिफ्लेक्टर पसरलेला असतो. हेल्मेटच्या कडेची सावलीसुद्धा खालून येणारा उजेड भरून काढतो. वाऱ्यात छत्री किंवा सॉफ्टबॉक्स म्हणजे शीड. फ्लॅश लागलाच तर साधा उघडा, कॅमेऱ्यापासून दूर, बाजूने. कॅमेऱ्यावर बसवला तर लेन्ससमोरच्या पाकळ्या पांढरे डाग होऊन येतात. छोट्या फ्लॅशमध्ये अल्कलाइन सेल थंडीत लवकर बसतात. एकदाच वापरायचे लिथियमचे डबल-ए सेल उणे ४० पर्यंत चालतात, महाग असले तरी इथे तेच घ्या.

गॉगल हा वेगळाच त्रास. आरशासारख्या काचेत तुम्ही, तुमचा मदतनीस आणि अख्खी दरी दिसते. धातूच्या मुलाम्यावरचं प्रतिबिंब पोलरायझर फिल्टर नीट काढत नाही. डोकं जरासं वळवायला सांगा किंवा तुम्हीच दोन पावलं बाजूला व्हा, म्हणजे काचेत नुसता डोंगर येईल. ‘गॉगल कपाळावर घ्या’ असं मात्र सहज म्हणू नका. घामेजल्या कपाळाच्या वाफेने आतली काच धुकटते आणि ते धुकं गोठलं की त्या गॉगलने पुढचा रन करता येत नाही. डोळे दिसणारा फोटो अगदी शेवटी घ्या, सराव पूर्ण संपल्यावर.

चार मिनिटांची वाटणी आम्ही अशी करतो. पहिलं मिनिट हेल्मेट-गॉगलसह, जॅकेट अंगावरच, उघडं. या वेळात खेळाडूचा श्वास खाली बसतो. मग जॅकेट काढून सूटमध्ये उभं, स्की हातात: दीड मिनिट. मग गॉगल काढून जवळचा चेहरा, एक मिनिट. उरलेला वेळ गडबडीसाठी. रेसिंग बूट इतके घट्ट असतात की बकल लावून नुसतं उभं राहिलं तरी बोटं बधिर होतात. पायच दिसत नसतील त्या फ्रेममध्ये बकल सोडू द्या. गाल, नाक, कानाची पाळी यांवर पांढुरका मेणचट डाग दिसला की तिथेच थांबायचं. हिमदंशाची ती पहिली खूण आहे आणि ती स्वतः खेळाडूला जाणवत नाही, तुम्हाला लेन्समधून आधी दिसते. डाग चोळायचा नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. उबदार तळवा नुसता टेकवून ठेवायचा आणि आत जायचं. क्रॉस-कंट्री शर्यतींसाठी जागतिक स्की महासंघाने उणे २० ची मर्यादा घातली आहे, आणि ती पळणाऱ्या, तापलेल्या माणसासाठी आहे. उभ्या माणसासाठी त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबायला हवं.

शर्यतीच्या स्कीची धार बोट कापेल इतकी तीक्ष्ण असते आणि तळाला मेण लावून तासन् तास घोटलेलं असतं. वाळू-खडे असलेल्या रस्त्यावर त्या ठेवायला सांगितलं तर खेळाडू नकार देईल, आणि बरोबरच देईल. सरावाची जुनी जोडी मागा. पुरस्कर्त्यांची चिन्हं कुठली दिसायला हवीत हेही आधीच विचारून घ्या. शर्यत संपल्यावर खेळाडू स्की काढून चेहऱ्याशेजारी धरतात, ती सवय स्कीवरच्या नावासाठी असते.

कॅमेऱ्याकडे आता यायला हरकत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलेलं असतं, काहींचं उणे १० पासून. प्रत्यक्षात बॉडी त्याहून खाली चालते, मान टाकते ती बॅटरी. थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि उणे २० ला तिची उपयोगी क्षमता निम्म्यावर येऊ शकते. ती संपलेली नसते. आतल्या खिशात गरम झाली की पुन्हा काही वेळ चालते. तीन बॅटऱ्या आळीपाळीने वापरा, दोन कायम थर्मलजवळच्या खिशात. बाहेरून आणलेली थंड बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बाद होते. हाताच्या उबेच्या पुड्या पंधरा-वीस मिनिटं आधी फोडून ठेवा. त्यातली लोखंडाची पूड हवेशी संयोग पावून तापते, त्यामुळे हवाबंद खिशात त्या विझतात. एक पुडी रबरबँडने लेन्सच्या नळीला बांधली तर समोरच्या काचेवर हिमकण धरत नाहीत.

दोन कॅमेरा बॉडी न्या, एकीवर ७०-२०० किंवा १००-४०० मिमी लेन्स, दुसरीवर २४-७०. उतारावर लेन्स बदलणं टाळा, सेन्सरवर पडलेला बर्फकण वितळून डाग सोडतो. लेन्सचं हूड कायम लावलेलं. काचेवर बर्फ पडला तर रबरी पंपाने उडवा किंवा मऊ ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका, वाफ तिथेच गोठते. पातळ लोकरी हातमोज्यांवर बोटं उघडणारे जाड मिटन घाला. ट्रायपॉड नेलाच तर कार्बन फायबरचा. मऊ बर्फात पाय पूर्ण फाकवून दाबू नका. बर्फ पायांना बाहेर रेटतो आणि वरचा सांधा मोडतो. अर्धवट फाकवून रुतवा.

मुंबईकरांना एसी खोलीतून दमट हवेत आल्यावर काच धुकटते हे माहीत असतं. गुलमर्गला हे उलट, हॉटेलात शिरल्यावर होतं आणि पाणी फक्त काचेवर नाही, बॉडीच्या आतही धरतं. उपाय बाहेरच करायचा: आधी कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, मग कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा दाबून बंद करा, पिशवी बॅगेत, आणि बॅग खोलीच्या सर्वात थंड कोपऱ्यात. दोन-तीन तास उघडायची नाही. कार्ड आधीच बाहेर असल्याने तेवढ्यात फोटो पाहता येतात. लवकर व्हावं म्हणून बॅग बुखारीजवळ (खोली तापवायची शेगडी) किंवा कांगडीशेजारी (निखाऱ्यांची टोपली) ठेवणारे असतात. त्यांचे कॅमेरे दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढल्यावर आतून गोठतात. सकाळी निघतानाही कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेर गार होऊ द्या, नाहीतर कोमट बॉडीवर बर्फ वितळतो आणि मग बटणांच्या फटीत पुन्हा गोठतो.

प्रवासाच्या दोन गोष्टी. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्यायच्या. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. प्रशिक्षक वर, तुम्ही खाली आणि फोन मुका, असं व्हायला नको. पहिल्या दिवशी वजन घेऊन अफरवटवर जाऊ नका, गावात एक दिवस काढा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, तेव्हा हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावा.

एडिट करताना बर्फ २५५ वर, म्हणजे पूर्ण कोऱ्या पांढऱ्यावर, नेऊ नका. २३५ ते २४५ च्या दरम्यान ठेवला तर त्याचा पोत छपाईतही टिकतो. आणि निवडलेला एकच फोटो खेळाडूला पाठवू नका, त्या वळणाची अख्खी बर्स्ट क्रमाने द्या. स्कीचा कोन गेटच्या किती आधी बदलला, वजन कुठल्या पायावर होतं, हे प्रशिक्षक त्यातून फ्रेमगणिक पाहतात. पुढच्या सकाळी गेट लावताना तेच तुम्हाला कुठे उभं राहायचं ते दाखवतील.